दोन बोटं आखूड दस्ता

काठी गावाच्या वरचा पाडा
१४ नोव्हेंबर १९३२

कय्युम मिस्त्री, डोंगरातून उदेसिंगचा राम राम.

तीन वर्षं पत्र नाही म्हणून रागावला असशील. रागाव. लिहायला बसणं मला डोंगर चढण्यापेक्षा जड जातं, हे तुला जर्मन लढाईपासून ठाऊक आहे. बसऱ्याला मी हमालीच्या पलटणीत होतो तेव्हा माझी घरची पत्रं तूच लिहून द्यायचास, हत्यारखान्यातलं काम संपलं की. आता माझं मलाच लिहावं लागतं.

पत्र आणणारा जान्या आमच्या पाड्यावरचा आहे. महिन्यातून एकदा डिंक आणि चारोळी घेऊन नंदुरबारच्या बाजाराला उतरतो. त्याच्याजवळ फडक्यात बांधून दोन वस्तू दिल्या आहेत. एक माझ्या बंदुकीच्या टोकाची, नेम धरायची मक्खी, आणि दुसरा बोल्ट. बंदूक तीच, जंगलखात्याचे साहेब विलायतेला जाताना मला देऊन गेले ती.

दसऱ्यापासून इथे एक बिबट्या लागला आहे. आधी शेळ्या नेल्या. मग दिवाळीच्या तोंडावर नानीबाईला नेलं. म्हातारी लाकडं वेचायला ओढ्यात उतरली होती. वाघदेवाला कोंबडा दिला. लोक म्हणतात, कोंबडा ठीक आहे, पण परवान्याची बंदूक तुझ्या घरात आहे ना?

गेल्या आठवड्यात सूर्य बुडायच्या आधी तो माझ्यासमोर आला. चाळीस पावलं. मी चुकलो. दुसरी गोळी भरायला बोल्ट ओढला तर रिकामं काडतूस आतच अडकलं. तो उभा राहून माझ्याकडे बघत होता. मग सावकाश निघून गेला.

कारखान्याची मक्खी खसखशीएवढी आहे, काळ्या लोखंडाची. सांजेच्या अंधारात काळी मक्खी काय दिसणार? मोठी कर, पांढरी कर. आणि काडतूस ओढणारा आकडा झिजला आहे, तो नवा घाल.

उदेसिंग


नंदुरबार
२९ नोव्हेंबर १९३२

उदेसिंग दोस्ता, सलाम.

रागावलो नाही. रागवायला अंगात जोर लागतो. दिवसभर कंदिलांचे बर्नर, शिवणयंत्रं, सावकारांच्या तिजोऱ्यांची कुलुपं. बंदूकवाला मिस्त्री अशी पाटी आहे दारावर, पण बंदुका आता वर्षाला चार येतात, त्यातल्या दोन भिंतीवर टांगायच्या. तुझा बोल्ट हातात घेतला तेव्हा बरं वाटलं.

मक्खी केली. घरवाली हाजराबीची हस्तिदंती बांगडी मागच्या ईदला फुटली होती, तिचा तुकडा ठेवला होता. ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी घासून लोखंडात बसवली आहे. जुन्या खाचेत डावीकडून ठोक, लाकडाच्या तुकड्याने ठोक, दगडाने नको. आकडा जुन्या कानशीच्या पोलादातून नवा घडवला. आता काडतूस दात उपटल्यासारखं बाहेर येईल.

पण एक विचारतो. बसऱ्याला नदीपलीकडच्या होडीतली माणसं तू मोजून सांगायचास आणि आम्ही दुर्बिणीतून खात्री करायचो. तो उदेसिंग चाळीस पावलांवर चुकला, हे मला पटत नाही. दोष मक्खीचा आहे का डोळ्याचा? असं कर. समोरच्या डोंगरावर गुरं चरत असतील ती मोज. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला मोजायला सांग. काय होतं ते मला लिही. खोटं लिहू नको.

कय्युम


पाडा
२० डिसेंबर १९३२

कय्युम, राम राम.

गुरं मोजली. बरोबर आली. मक्खी चांगली आहे, आकडाही चांगला आहे.

बिबट्या पुन्हा दिसला नाही, पण ओढ्यात पंजे उमटतात. आता आणखी तीन कामं आहेत. बोल्टची मूठ लहान आहे, घामाने हात निसटतो. ती मोठी कर. बार अडवणारं सेफ्टीचं पान फार ताठ आहे, अंगठ्याने हलत नाही. ते सैल कर. आणि चाप फार जड आहे. ओढता ओढता नळी हलते. तो हलका कर. बोल्ट आणि चापाचा सगळा जोड जान्याबरोबर दिला आहे.

चारोळी हाजराबीला दे.

उदेसिंग


नंदुरबार
८ जानेवारी १९३३

उदेसिंग, सलाम.

तुझा हात मी पाहिलेला आहे. रेल्वेचा स्लीपर एकटा खांद्यावर घ्यायचास. त्या अंगठ्याला आता सेफ्टीचं पान हलत नाही? म्हातारपण आलंय म्हण की. मलाही आलंय, त्यात लाजायचं काय?

कामं केली. मूठ मोठी केली, वर बारीक खाचा पाडल्या म्हणजे घामात निसटणार नाही. सेफ्टीचं पान लांब केलं आणि सैल केलं. चाप तेवढा करायला माझं मन घेत नव्हतं. कारखाना चाप जड ठेवतो तो वेड्यासारखा नाही ठेवत. तरी तू म्हणालास म्हणून चाप अडवणारा आतला दात घासला. तराजूची वजनं चापाला टांगून पाहिलं. तीन शेरांचा होता, दोन शेरांवर आणला आहे. आता याच्या खाली मी जाणार नाही, मागू नको.

आणि एक गोष्ट लक्षात ठेव. हलक्या चापाची बंदूक भरून वाटेने चालायचं नाही. मचाणावर बसलास की भर. उतरायच्या आधी रिकामी कर. हे मी तुला कारागीर म्हणून सांगतो आहे, दोस्त म्हणून नाही.

हाजराबीचा खोकला थंडीने वाढला आहे. चारोळी तिला आवडली.

कय्युम


पाडा
२२ जानेवारी १९३३

कय्युम, राम राम.

परवा बिबट्याने खात्याला नेलं. भरदिवसा, तुरीच्या शेतातून. माझ्या बायकोच्या भावाचा मुलगा, तीस वर्षांचा. आता बायका पाण्याला जाताना ढोल वाजवत जातात.

यावेळी बंदुकीचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता पाठवला आहे. नळी माझ्याजवळ आहे, परवान्याची वस्तू जान्याच्या हाती देत नाही. दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी काढ, लाकूड दोन बोटं कापून आखूड कर आणि पट्टी पुन्हा बसव. पट्ट्याची कडीही तेवढी पुढे घे.

लवकर कर.

उदेसिंग


नंदुरबार
३० जानेवारी १९३३

उदेसिंग,

खात्याचं ऐकून वाईट वाटलं. पण दस्ता मी कापलेला नाही.

तुझे हात वानरासारखे लांब आहेत. साहेबाची बंदूक तुला मुळातच आखूड पडायची, तू मागे पट्टीवर कातड्याची घडी बांधायचास, मला आठवतं. आता तीच दोन बोटं कापायची? माणूस म्हातारा होतो, हात आखूड होत नाहीत.

मी आता सगळे भाग समोर मांडून बघतो आहे. मोठी मूठ, सैल पान, हलका चाप, आखूड दस्ता. ही बंदूक तुझ्यासाठी नाही. कुणासाठी आहे? जंगलाच्या ठेकेदाराचा कुणी पाहुणा आला आहे का शिकारीच्या हौसेने, बारीक हाताचा? त्याला तू बंदूक देतो आहेस का? परवाना तुझ्या नावाचा आहे. उद्या काही झालं तर तळोद्याच्या कचेरीतून आधी तुला नेतील आणि मग विचारतील, भाग कुणी घडवले. माझ्या दुकानाचाही परवाना आहे, दरवर्षी तपासायला येतात.

खरं काय ते लिही. तोवर दस्ता इथेच राहील.

कय्युम


पाडा
९ फेब्रुवारी १९३३

कय्युम,

खरं लिहितो.

गुरं मी मोजली तेव्हा अकरा होती. रूपलीने मोजली तेव्हा एकोणीस. आणि ती म्हणाली, आबा, त्यातली एक गाय आमशाची आहे, तिचं शिंग मोडलेलं आहे. मला ती गाय आहे का दगड आहे हेही कळत नव्हतं. दोन वर्षांपासून धूर आहे डोळ्यांत. उजव्यात जास्त. कागद नाकाशी धरला तर अक्षर लागतं, त्यापुढचं सगळं पुसट.

रूपली माझी मुलगी. तू तिला पाहिलेलं नाहीस. पंचविशीची आहे. नवरा गुजरातेत उसाच्या कामाला गेला तो आलाच नाही, म्हणून परत माझ्याकडे आली. मी बंदूक पुसताना ती लहानपणापासून बघते आहे. बोल्ट काढायचा, आत फडकं फिरवायचं, सगळं तिला येतं. एक दिवस तिने विचारलं, "आबा, तुम्ही चुकलात ते दिसलं नाही म्हणून ना?" मी नळी पुसत राहिलो. ती म्हणाली, "मग मला द्या. मला दिसतं."

पळसाच्या पानावर चुन्याचा ठिपका काढून साठ पावलांवर लावला. तीन काडतुसं खर्च केली. तीनही पानात. पण दस्ता तिच्या काखेत अडकतो, मान पुढे ताणावी लागते, आणि मग चाप ओढताना नळी वर उठते. म्हणून मागत होतो.

बाई मचाणावर बसते म्हणून लोक कुजबुजतात. म्हणून मीही बरोबर बसतो. मी कानाने सांगतो, कुठे पान वाजलं ते. ती डोळ्याने बघते. गावात सांगतो की बंदूक मीच चालवतो. तुलाही तेच सांगणार होतो. लाज वाटत होती.

परवाना गेला तर जाईल. तिसरं माणूस जायला नको.

उदेसिंग


नंदुरबार
१७ फेब्रुवारी १९३३

उदेसिंग दोस्ता,

दस्ता कापून दिला आहे, दोन बोटं. कडा गोल घासल्या आहेत म्हणजे काखेत अडकणार नाही.

तुझं पत्र हाजराबीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या पोरले सांगा, खांदाले गोधडीनी घडी बांधी ले. आनि बापनं मन सांभाळ म्हना." खोकत खोकत म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही काहून रागावलात त्याच्यावर?"

का रागावलो, मला माहीत आहे. तू मला खोटं लिहिलंस म्हणून नाही. पण ते राहू दे.

रूपलीला सांग, श्वास अर्धा सोडून मग चाप ओढायचा. आणि वाटेवर बंदूक रिकामी. हे पुन्हा लिहितो.

कय्युम


नंदुरबार
२ एप्रिल १९३३

उदेसिंग,

होळी होऊन तीन आठवडे झाले. जान्याही बाजाराला आला नाही. तळोद्याकडून आलेला एक गाडीवाला सांगत होता, काठीकडचा बिबट्या मेला. खरं आहे का? मग तू लिहीत का नाहीस?

एक ओळ लिही.

कय्युम


पाडा
२० एप्रिल १९३३

कय्युम मिस्त्रीस राम राम.

बिबट्या मेला. जान्याबरोबर दस्ता, बोल्ट आणि चापाचा जोड पाठवला आहे. तू घातलेले भाग सगळे काढ. कारखान्याचे जुने भाग तू टाकले नसशील, ते तुझ्याकडेच राहू देत. मला आता कशाचीच गरज नाही. नळी आणि परवाना मी तळोद्याला फत्तेसिंग कारकुनाकडे जमा करणार आहे. घरात ही वस्तू नको.

तुझे उपकार आहेत.

उदेसिंग


नंदुरबार
२९ एप्रिल १९३३

उदेसिंग,

जान्याला घरात बसवलं, चहा दिला. "रूपली कशी आहे?" विचारलं. तो मान खाली घालून बशीतला चहा फुंकत राहिला. पुन्हा विचारलं तर म्हणाला, "मिस्त्री, मला विचारू नका." आणि उठून गेला.

मग मी दस्ता उजेडात धरला. लाकूड आणि लोखंडी पट्टीच्या फटीत वाळलेलं रक्त आहे. कडीच्या स्क्रूतही आहे. बिबट्या चाळीस पावलांवर मारला असेल तर त्याचं रक्त दस्त्याच्या मागच्या टोकाला लागत नाही. आणि जनावराला उचलताना लागलं असतं तर तू पुसलं असतंस. बंदूक मळकी ठेवणारा माणूस तू नाहीस. हे पुसायची कुणाची छाती झालेली नाही.

काय झालं ते मला माहीत नाही. पण मला भीती आहे ती लिहितो, कारण आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

चाप दोन शेरांवर आणला असं मी तुला कळवलं, ते खोटं आहे. दोन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरतो. गिऱ्हाइकासमोर बाकाला दाबून धरतो म्हणजे दिसत नाही. त्या दिवशी चापाचा दात घासताना कानस सटकली. वजनं टांगली तर सव्वा शेरावर सुटला. हाजराबी दारात उभी होती. मी तिला म्हणालो, "मन्हा हात थरथरी ऱ्हायना." ती म्हणाली, "मंग नवा दात करा." नवा दात करायचा म्हणजे चार दिवस त्याच हाताने पुन्हा कानस धरायची. मला कंटाळा आला, उदेसिंग. लाज आणि कंटाळा दोन्ही. म्हटलं, दोन शेर लिहून टाकू, जुना शिकारी आहे, सांभाळून घेईल. आणि पुढे तू लिहिलंस की बंदूक तुझ्या मुलीसाठी आहे, तेव्हाही मी बोललो नाही. फक्त दोनदा लिहिलं की वाटेवर रिकामी ठेव.

माझ्या त्या दाताने काही झालं असेल तर मला सांग. कचेरीत येऊन मी माझं नाव सांगेन.

कय्युम


पाडा
१४ मे १९३३

कय्युम,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आता माझं ऐक.

होळीच्या आदल्या संध्याकाळी तो आला. गाव सगळं काठीला होळीसाठी उतरलं होतं, पाड्यावर शुकशुकाट होता, म्हणूनच आला असेल. मचाणावर मी रूपलीच्या मांडीवर बोट दाबलं, डावीकडे पान वाजलं म्हणून. तिने घाई केली नाही. तिचा श्वास अर्धा सुटलेला मला ऐकू आला. मग बार. ती म्हणाली, "लागला." पण तो उडी मारून ओढ्याच्या घाणेरीच्या झुडपांत शिरला.

सकाळी उजाडल्यावर आम्ही मागावर निघालो. खाली काठीला पहाटे होळी पेटली होती, ढोल अजून ऐकू येत होते.

रूपली म्हणाली, "बंदूक माझ्याकडे द्या, आबा."

मी म्हणालो, "जखमी जनावर आहे. बंदूक मी धरणार."

"तुम्हाला पानावरचं रक्त दिसत नाही."

"मग तू रक्त बघ. बंदूक माझ्या हातात राहील."

तीन महिने ती बंदूक चालवत होती आणि गाव मला शिकारी म्हणत होतं. त्या एका सकाळी मला खरोखर शिकारी व्हायचं होतं. दुसरं काही कारण नाही. गोळी नळीत होती. सेफ्टीचं पान घरून निघतानाच मी उघडलं होतं, कारण जनावर आलं तर मला उशिरा कळेल अशी भीती होती. तू दोनदा लिहिलेलं मला पाठ होतं.

ती पुढे, मी मागे. तिने उजव्या हाताने फांदी बाजूला धरली आणि म्हणाली, "तिकडे, आबा." मी तिकडे वळलो. पायाखालचा धोंडा सरकला. मी पडलो आणि बार झाला.

ती ओरडली नाही. मी म्हणालो, "रूपले?" ती म्हणाली, "तो तिथे आहे. मेलेला आहे. माश्या बसल्यात त्याच्यावर." मग म्हणाली, "आबा, माझा हात बघा." मला दिसत नव्हता. मी चाचपडून धरला तेव्हा कळलं. त्याच ओल्या हातांनी दस्ता धरून उठलो.

झोळी करून दोन दिवसांत तळोद्याच्या दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली, तळवा अर्धा गेला. बिबट्याने चावलं असं सांगितलं. डॉक्टरने हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं.

चाप सव्वा शेराचा असता काय, तीन शेरांचा असता काय, आंधळ्याने भरलेली बंदूक मुलीच्या मागे धरायची नसते. तुझ्या दाताचं काही नाही. हे माझं आहे. ते मला राहू दे.

उदेसिंग


तळोदे
१ जून १९३३

कय्युमकाका, रूपलीचा राम राम.

हे अक्षर सरलाबाईंचं आहे. त्या इथल्या दवाखान्यात पट्ट्या बांधतात. मी बोलते ते त्या लिहितात. आता हसल्या, ते लिहू नका म्हटलं तर तेही लिहिलं.

हात पुन्हा दाखवायला आले आहे. आबा बाहेर झाडाखाली बसलेत. त्यांना माहीत नाही मी काय लिहिते आहे.

तुमचं पत्र आबांनी मला वाचून दाखवलं. त्यांनी तुम्हाला काय लिहिलं तेही सांगितलं. तुम्ही म्हणता तुमच्यामुळे झालं. आबा म्हणतात त्यांच्यामुळे झालं. दोघांनी मिळून माझा हात वाटून घेतला आहे, काका. माझ्या वाट्याला काही ठेवलंच नाही. आबा नीट जेवत नाहीत. भाकरी मी एका हाताने थापते, ती जाडी-भरडी होते, तर तिच्याकडे बघून रडतात. मी थकले आहे. हात दुखतो त्याने एवढी थकत नाही.

तुमचं दोघांचं चुकलं. मी नाही म्हणणार नाही. तुम्ही खोटं लिहिलं नसतं तर मी तो चाप धरलाच नसता. आबांनी बंदूक मला दिली असती तर माझी बोटं असती. हे मी एकदाच बोलते आहे, आता पुन्हा बोलणार नाही. तुम्हीही पुन्हा लिहू नका.

आता काम सांगते. मोहाच्या दिवसांत फुलीबाईला अस्वलाने धरलं. मोहाची फुलं वेचत होती. जगली, पण तोंड फाटलं. त्या दिवशी पाड्यावरची माणसं धावत आली आणि आबांकडे कुणी बघितलं नाही. सगळे मला म्हणाले, "रूपले, बंदूक कुठे?" म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं. आम्हीच उगाच लपवत होतो.

आबा नळी कचेरीत द्यायला निघाले होते. मी ती लपवली आहे. कुठे ते सरलाबाईंनाही सांगणार नाही.

माझा डावा हात चांगला आहे. डावा डोळाही चांगला आहे, बघून घेतलं. उजव्या हाताचा अंगठा आहे आणि दोन बोटं आहेत, त्यांनी नळी खालून पेलता येते. मला डाव्या खांद्यावर चालेल अशी बंदूक हवी आहे. बोल्टची मूठ उजवीकडे आहे, ती डाव्या हाताने वरून ओढता आली पाहिजे. चाप कारखान्याचा होता तसाच घाला. हलका नको.

काल मी स्वतः कचेरीत गेले. फत्तेसिंग कारकून म्हणाला, "बाईच्या नावाचा परवाना इथे कुणी मागितलेला नाही. पण मागू नये असंही कुठे लिहिलेलं नाही. अर्ज दे." सरलाबाई अर्ज लिहिणार आहेत. मिळेल का माहीत नाही. नाही मिळाला तर पुन्हा देईन.

हाजराकाकींचा खोकला कसा आहे? त्यांनी सांगितलेली गोधडीची घडी मी बांधली होती. खांद्याला काही लागलं नाही.

रूपलीबाई


नंदुरबार
८ जून १९३३

बेटी रूपली,

पत्र तुला लिहितो आहे. बापाला वाचून दाखवायला लाव आणि तो मधे थांबला तर थांबू देऊ नको.

तू एकदाच बोललीस, मी एकदाच ऐकलं. त्यावर पुन्हा लिहीत नाही.

हाजराबीचा खोकला कमी झालेला नाही. तुझं पत्र ऐकून ती उठून बसली आणि मला म्हणाली, "युसुफले बलावा." युसुफ तिचा धाकटा भाऊ, शहाद्याला बंदुकांचंच काम करतो. माझ्या हाताखाली शिकला आणि आठ वर्षांपूर्वी भांडून निघून गेला. भांडण कशाचं होतं? मी त्याला म्हणालो होतो, तुझा हात जड आहे. मीच गेलो शहाद्याला. दारात उभा राहून म्हणालो, "माझा हात आता कानस धरत नाही. तू काम कर, मी शेजारी बसतो." त्याने आत पाणी आणायला सांगितलं. परवापासून तो माझ्या दुकानात आहे. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव घालायचं म्हणतो आहे मी. तो म्हणतो, आधी काम होऊ दे.

बोल्टची मूठ त्याने तापवून वरच्या बाजूला वळवली आहे, म्हणजे डावा हात दस्त्यावरून ओलांडून तिच्यापर्यंत पोचतो. सेफ्टीचं पान आम्हाला अजून सुटलेलं नाही. डाव्या अंगठ्याला ते उलटं पडतं. युसुफने दोन पानं करून मोडली. तिसरं करतो आहे. माझ्या सव्वा शेराच्या दाताचे मी स्वतः दोन तुकडे केले. त्याच्या जागी तशाच एका मोडीत निघालेल्या बंदुकीतला कारखान्याचा चाप आहे, कानस न लागलेला.

पण दस्त्याला मी युसुफला हात लावू दिलेला नाही. तुझ्या बापाने लिहिलं दोन बोटं, मी दोन बोटं कापली. तुझा हात किती लांब, मान किती उंच, बंदूक खांद्याला लावताना तू डोकं कसं वाकवतेस, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती बंदूक कुणाची हे मला आधीच कळलं असतं. कपडे शिवायलाही माणूस समोर उभा करतात, आणि मी बंदूक न बघता बेतली.

तेव्हा भाग आता जान्याबरोबर पाठवणार नाही. तू ये. पाऊस लागायच्या आत ये, मग तापीवर नाव मिळणार नाही. उदेसिंगला बरोबर आण. नळी आणि परवाना रस्त्याने त्याच्याच हाती असू दे, अजून नाव त्याचं आहे. इथे एक डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून दोनदा धुळ्याहून येतो, त्याला दाखवू. धूर जाईल असं मी म्हणत नाही. दाखवू एवढंच.

आलीस की दुकानात समोर उभी राहा, बंदूक डाव्या खांद्याला लाव आणि चाप ओढून बघ. तीन शेरांचा आहे. जड वाटेल. वाटू दे.

कय्युम